मूठभर गार शेवया

९ मे १९७४, गुरुवार
बनीच्या कानामागं पुरळ आलं! गोवर. अंग तव्यावानी तापलंय. हे तिकडं पलटनीत, सुट्टी दिवाळीला. घरात मी आन चार वर्साची पोर.
शेजारच्या शालूमावशी उंबऱ्यातनंच म्हनाल्या, "देवीआई आलीया घरात. आता फोडनी न्हाई, तळान न्हाई. चुर्र वाजलं का आई कोपती. गारच खायाचं, पोरी." त्यांचा ल्योक ज्ञानू गोवरातच गेला. त्यांचं ऐकायलाच पायजे.

१० मे
डॉक्टरचं औषध बनीनं वकलं. पान्याबिगर काय घेत न्हाई. माझ्या एकटीपुरतंच करायचं — मूठभर शेवया उकडल्या, माठाच्या पान्यातनं दोनदा काढल्या, न्हाईतर लगदा हुतो. दूध बनीला ठेवलं, म्हनून दही. काकडी, शेंगांचा कूट, चेचलेली मिरची, मीठ.
मावशी बघून म्हनाल्या, "शेवयास्नी दही! तुझ्या म्हायारात गूळ मिळत न्हाई व्हय गं?"
हसू आलं न्हाई. घास बी उतरला न्हाई.

११ मे
ताप हायच.

१२ मे
हे कुनाला सांगनार न्हाई. हितंच लिवते.
गार खाऊन जीव इटला हुता. बनी निजलेली. पळीत तेल तापवलं, मोहरी टाकली, शेवयांवर वतली — चुर्र! बनी दचकली. मी दार लावलं. आन सगळं खाल्लं. ताटली बी पुसून खाल्ली.
सांजच्याला बनी बरळाया लागली. मला वळखंना!
माझ्यामुळंच. आई, खाल्लं मी — तिला सोड.

१३ मे
मावशी कडूलिंबाचा पाला घेऊन आल्या. थांबल्या. "मोहरीचा वास कुठनं गं?"
"रस्त्यानं आला आसंल," म्हनलं. खोटं बोलले. त्या बनीच्या कपाळावर हात ठिवून बसल्या.

१४ मे
ताप उतरला! बनीनं डोळं उघडलं. मावशी दारातच हुत्या, आन पोरगी म्हनती, "आये, चुर्र केलंवतंस तसलं दे मला."
मावशींनी बघितलं माझ्याकडं.
"ज्ञानूच्या येळंला नऊ दिस मी तेलाला शिवले न्हवते," म्हनाल्या. आन गेल्या.
परत आल्या तवा मुठीत मोहरी हुती.