बोटाने मागितलेला भात

गिरगाव, मुंबई
दि. ९ फेब्रुवारी २०२५

सौ. लतिका शरच्चंद्र टिपणीस हिस,

'सौ.'च्या आधी 'कै.' लिहिणे नियमास धरून झाले असते. हात वळला नाही. तुला आशीर्वाद लिहावेत की नमस्कार, हेही ठरेना. वयाने मी मोठा, परंतु आधी गेलेले माणूस पूज्य होते. तेव्हा नमस्कार.

येथील सर्व क्षेम आहे. तुळस शेजारच्या सुमेधाकडे दिली. तिच्या गॅलरीत ऊन अधिक येते. भिंतीवरचे घड्याळ उतरवले; अलीकडे ते मागे पडत असे.

आपली रुचा मनिलाहून डिसेंबरातच आली. येताना एकच प्रश्न घेऊन आली : "अण्णा, येताय ना माझ्याकडे राहायला?" तेथे मी खाणार काय, एवढी एकच सबब माझ्याजवळ होती आणि ती मी जपून वापरत होतो.

तिने ती सबबच मोडायला घेतली. मागच्या महिन्यात एका दुपारी मला रे रोडला घेऊन गेली. लाकडाच्या वखारींमागे लहानसा बाजार आहे. तेथे लवू नावाचे मालवणकडचे गृहस्थ आणि त्यांच्या फिलिपिनो पत्नी मारिसेल खानावळ चालवतात. लवू पूर्वी बोटीवर स्वयंपाकी होते. गोदीत उतरलेले फिलिपिनो खलाशी त्यांच्याकडे जेवायला येतात. प्लास्टिकच्या खुर्च्या, टेबलांवर मेणकापड आणि काचेमागे ओळीने मांडलेली पातेली. पदार्थांची नावे कोठेही लिहिलेली नव्हती. मी मेन्यूकार्ड मागितले.

मारिसेलबाई हसून म्हणाल्या, "तुरो-तुरो, ताताय!" ताताय म्हणजे बाबा.

"बाई, तुरुतुरु हे चालण्याला म्हणतात, जेवणाला नव्हे," मी सांगितले.

रुचा काचेला टेकून हसू लागली. तू गेल्यापासून ती अशी हसली नव्हती.

"काकानू," लवू आतून म्हणाले, "हिच्या भाषेत तुरो म्हणजे बोट दाखवणा. हयसर तोंडान काय सांगूचा नाय. जां होया तां बोटान दाखवा."

आता काय करावे? बोट दाखवणे असभ्य, हे रुचाला मीच शिकवले. शिवाय मी मागून कधी जेवलो? मला काय हवे ते मला कळण्याआधीच तू पानात वाढलेले असे. मागे खलाशांची रांग तटली.

"दाखवा ना, अण्णा! की आईला विचारून सांगताय?" रुचा बोलून गेली.

मी बोट उचलले. चिंचेच्या आंबट रश्श्यातला मासा दाखवला. मग, का ते सांगता येत नाही, बोट पुढे सरकले आणि व्हिनेगरमधल्या कोंबडीवर थांबले. मला कोंबडी रुचत नाही, हे तुला ठाऊक आहे. मारिसेलबाईंनी ती वेगळ्या ताटलीत भातासह वाढली आणि माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीपुढे ठेवली.

रुचा समोरून उठली, त्या खुर्चीवर येऊन बसली आणि तुझ्या ताटलीतले जेवू लागली.

"आई म्हणाली असती, मीठ जरा पुढेच आहे."

"आणि तरी पुन्हा वाढून घेतलं असतं," मी म्हणालो.

रश्श्याला तुझ्या कालवणाची सर नव्हती. नारळ नाही, हळद नाही. चिंच मात्र चिंचच होती. मी आणखी भात मागितला. बोटाने.

परतताना तो शब्द डोक्यातून जाईना. बाजारात तू तुरुतुरु निघायचीस आणि वळणावरून म्हणायचीस, "या तुम्ही सावकाश, मी होते पुढे." रुग्णवाहिकेत चढवताना स्ट्रेचरवरूनही तेच म्हणालीस.

वर टाळलेले आता लिहितो. आपली खोली सोडत आहे, लतिका. आज संध्याकाळी विमान आहे. तुळस उन्हासाठी दिली नाही, आणि घड्याळ उत्तम चालत होते.

मनिलात घराखालीच तसली खानावळ आहे म्हणे. दोन ताटल्यांवर बोट ठेवीन. रुचा समजून घेते.

तू झालीस पुढे. मी येतो, सावकाश.

तुझा,
शरच्चंद्र

ता. क. दाराला कुलूप लावले. तू ओढून पाहायचीस तसे दोनदा ओढून पाहिले. किल्ल्या मालक शामरावांना परत केल्या.