मिठात तांदळाचे दाणे

१२ जून, गुरुवार

मीठ पुन्हा ओलं! बरणी उलटी धरली तरी कणभर खाली पडेना. चमच्याने खरवडून आमटीत टाकलं. आमटी अशी झाली की माझी मलाच गिळवेना.

शेवटी तुळशीला फोन लावला. ती पालेगावला आहे, जिज्ञासाकडे. लेकीचं बाळंतपण इथे बेलवलीत झालं. जानेवारीपासून मेअखेरपर्यंत घर नुसतं भरलेलं — शेक-शेगडी, दोरीवर लंगोटांची रांग, सोनूचं रडणं. जून लागला, जिज्ञासाची रजा संपली, ती सोनूला घेऊन आपल्या घरी गेली आणि जाताना आईलाही घेऊन गेली. बरोबरच आहे. जावईबापूंना आई नाही, दोघं नोकरीला, पोर कोणाच्या भरवशावर ठेवणार? बॅगा मीच खाली उतरवून दिल्या. वर "इथली काळजी करू नकोस" असंही म्हणालो. कोणी सांगितलं होतं बोलायला!

"काय झालं?" फोन उचलल्याउचलल्या तिने विचारलं. आमच्यात बिनकामाचा फोन कोणी करत नाही.

"मीठ ओलं होतंय."

"थोडे तांदळाचे दाणे भाजून टाका त्यात. गार करून टाका हां. आणि बरणी गॅसजवळ ठेवू नका, वाफ लागते."

मग सोनू रडला. ठेवला फोन.

१३ जून

मीठ सुटं झालं. छान भुरभुर पडतंय.

आता फोन करायला काही कारण नाही.

१५ जून, रविवार

पालेगावला जाऊन आलो. स्कूटरवर अर्धा-पाऊण तास, रेल्वेने म्हटलं तर एकच स्टेशन. एवढ्या अंतराचं काय कौतुक, असं कोणीही म्हणेल. मीही म्हणायचो.

सातवा मजला, गुळगुळीत लाद्या, सोफ्यावर बसलं की आत रुतायला होतं. सोनूला मांडीवर घेतलं, त्याने चष्मा ओढला. जावयाने, भावेशने, मॅचबद्दल विचारलं. मग तुळशी चहा घेऊन आली.

ट्रेमधून! बशीत कप, बाजूला चार बिस्किटं. मला. पाहुण्यासारखा.

"साखर बघा, पुरे का," म्हणाली आणि आत गेली. तिला माझी साखर माहीत नाही? घरी ती पेला ओट्यावर आपटते आणि ओरडते — "गार होतोय!" तो आवाज ऐकायला मी आज सात मजले चढूनही गेलो असतो. लिफ्ट होती म्हणून.

तासभर बसलो. तुळशी आतच, बाटल्या उकळत होती. निघताना दारात म्हणाली, "जेवता ना नीट?" "जेवतो." झालं आमचं बोलणं.

१८ जून

दूध लागलं. गॅसवर ठेवून नळाचा वॉशर बदलायला बसलो आणि दूध राहिलं बाजूला. समोरच्या बनूबाई दार वाजवत आल्या. "काय भाऊ, काय जालताय? पार जिन्यान वास आला!" पातेल्यात डोकावल्या आणि पदर तोंडाला लावून हसल्या. हसा.

तुळशीच्या हातून लग्न झाल्यापासून एकदाही दूध लागलेलं नाही. काम काही असो, तिचा एक कान पातेल्याकडे असतो.

दुपारी फोन केला. दुपारी सोनू झोपतो.

"घासत बसू नका आधी. पाणी घाला, खायचा सोडा टाका, लिंबाची साल असली तर ती टाका. उकळी येऊ द्या. मग गॅस बंद करून तसंच राहू द्या. गार झालं की लाकडी उलथण्याने आपोआप सुटतं."

"नाही सुटलं तर?"

"आता फोनवर काय सांगणार? किती लागलंय ते बघायला पाहिजे."

बघायला पाहिजे! ये की मग बघायला. असं म्हणालो नाही. "बरं," म्हणालो.

१९ जून

सुटलं. तळ आरशासारखा. जरा वाईटच वाटलं.

२४ जून, मंगळवार

या आठवड्यात विचारलेलं: कोथिंबीर पिवळी पडते — न धुता, देठं कापून, सुक्या फडक्यात गुंडाळा. डाळीत पोरकिडे — तमालपत्र टाका. कपड्यांना कुबट वास — शेवटच्या पाण्यात चमचाभर व्हिनेगर, आणि पंख्याखाली सुकवा. फ्रिजला वास — वाटीत सोडा ठेवा.

प्रत्येक उत्तराला दोन-तीन मिनिटं. कधी ती स्वतःहून पुढचंही सांगते, मग पाचसुद्धा होतात. मी प्रश्न पुरवून वापरतो. एका फोनला एकच. दोन विचारले तर उद्या काय?

आज मात्र हसं झालं. प्रश्नच सापडेना. म्हणालो, "पिशवीची चेन अडकतेय, काय करू?"

मग ती म्हणाली, "मेणबत्ती घासा."

"अस्सं!"

"अहो, हे तुम्हीच मला दाखवलं होतं. जिज्ञासाच्या दप्तराला. तुम्हीच घासून दिली होती मेणबत्ती."

कान तापले माझे. सगळी नोकरी कारखान्याच्या मेंटेनन्समध्ये गेली माणसाची, आणि बायकोला विचारतोय चेन कशी सोडवायची! वाटलं, आता हसेल. हसली नाही. नुसतं "बरं, ठेवते" म्हणाली, आणि ठेवायला मात्र वेळ लावला.

२ जुलै

फडकी संपली. तिने मागेच सांगितलं होतं, कपाटातल्या खालच्या खणात जुन्या सुती साड्या आहेत, त्यातली एक फाडा. हिरवी काढली. बारीक काठाची, धुऊन धुऊन लोण्यासारखी झालेली. कात्री घेतली. काठाला एक काप दिला की सरळ फाटत जाते.

काप देता आला नाही. हीच नेसून ती गच्चीत पापड वाळवायची.

घडी करून ठेवून दिली. ओटा माझ्या जुन्या बनियनने पुसला. इथे कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो — मला तुळशी हवी आहे. तिच्या युक्त्या नकोत, ती हवी आहे.

९ जुलै, बुधवार

उल्हासनगरला गेलो, लोखंडी पाइप आणायला. कल्पना सुचलीय. पालेगावच्या फ्लॅटला वर नक्षीचं छत आहे, हूक नाही, म्हणून सोनूला झोळी नाही. तुळशी त्याला हातावर घेऊन फेऱ्या मारते. तिचे गुडघे आधीच कुरकुरतात. आपण झोळीचा स्टँड करायचा! दोन्हीकडे तीन पायांचं तिकाटणं, मधे आडवा पाइप, खाली रबरी बूट. आणि झोळी? हिरव्या साडीची. अख्खी, न कापता.

सिंधी दुकानदार म्हणाला, "साईं, कारखाने का काम है क्या?" म्हटलं, "नाही हो, नातवाची झोळी." त्याने सगळे पाइप स्वतः कापून, टोकांना आटे पाडून दिले. "बच्चे का है, किनारा घिस के लेना," म्हणाला. मला शिकवतोय! पण बरं वाटलं.

१३ जुलै, रविवार

सोनू झोपला! दोन झोक्यांत. आडव्या पाइपला आधी मी स्वतः लोंबकळून दाखवलं, तेव्हा भावेशची खात्री पटली.

तुळशीने साडी ओळखली. काठ बोटात धरून उभी राहिली. "फडकी नाही केलीत?" एवढंच. मी पाना पुसत बसलो. आम्ही दोघंच होतो खोलीत, जून लागल्यापासून पहिल्यांदा. काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "महिन्यातून एकदा नट आवळायचे."

धन्य!

मग जेवताना जिज्ञासाने विषय काढला. "बाबा, सोनू प्लेग्रुपला जाईपर्यंत आई इथेच लागणार. म्हणजे अजून दोन वर्षं तरी. तुम्हीपण या ना राहायला. एक खोली रिकामीच आहे."

दोन वर्षं.

आमच्यात बाप लेकीच्या घरी मुक्काम करत नाही. जेवावं, नातवाला खेळवावं, दिवेलागणीला निघावं. आमचे वडील, आण्णा, एकदा जिज्ञासाच्या विठाआत्याकडे, म्हणजे माझ्या बहिणीकडे, गेले असताना ओढ्याला पाणी चढलं. रात्र गावच्या देवळात, ओल्या धोतरात काढली. आत्या देवळाच्या पायरीशी रडत उभी — "आण्णा, घरान चला." "लेकीचे घरान रातचा ऱ्हायाचा नाय," म्हणाले. ही गोष्ट आमच्या घरात अभिमानाने सांगतात. मीही सांगत आलोय. जिज्ञासालाही सांगितलीय.

मी काही बोलायच्या आत तुळशीच म्हणाली, "त्यांना नाही जमायचं." आणि ताक आणायला आत गेली.

माझी बाजूच घेतली तिने. मग इतकं लागलं का?

१४ जुलै

फोन केला नाही. तिकडूनही नाही. तिकडून कधीच येत नाही, फोन नेहमी माझाच.

२१ जुलै, सोमवार

लोणच्याला बुरशी आली.

मेमध्ये घातलेलं लोणचं. एका हाताने सोनूला थोपटत, दुसऱ्याने कैरी कालवत घातलेलं. "वर्षभर पुरेल," म्हणाली होती. जाताना बजावलं — चमचा कोरडा, हात कोरडा, बरणीला दादरा बांधायचा. फडकं मी रोज बांधत होतो. आणि शुक्रवारी घाईत नळाखालचा चमचा तसाच आत घातला असणार. दुसरं कोण आहे घरात?

बनूबाईंना दाखवलं. वास घेतला, मान हलवली. "आतपोत गेलाय, भाऊ. नका खाऊ." ओतून टाकलं. वर्षाचं लोणचं!

हा खरा प्रश्न होता. याच्यासाठी फोन करता आला असता. नाही केला. काय विचारू? गेलेलं लोणचं परत कसं आणायचं, याला सोडा-लिंबू काही नाही.

बरणी गरम पाण्याने धुतली, उलटी ठेवली. वास गेला नाही. मेथी, मोहरी, हिंग. दोनदा उघडून वास घेतला. बासष्ट वर्षांचा माणूस, बरणीत नाक घालून! बनूबाई बघत्या तर काय म्हणाल्या असत्या. पण हिचा हात होता त्याच्यात. आता घरात तिच्या हातचं काहीच उरलं नाही.

२७ जुलै, रविवार

पुन्हा ट्रे, पुन्हा बिस्किटं. तुळशी म्हणाली, "लोणचं मुरलं असेल आता."

"हो. छान झालंय."

"किती उरलंय?"

"आहे की. भरपूर."

तिने माझ्याकडे बघितलं. मला खोटं बोलता येत नाही. लग्नात उखाणाही मला कोणीतरी मागून सांगत होतं. सोनू झोळीत कुरकुरला तशी ती उठून दोरी ओढायला लागली. हिरवी साडी इकडून तिकडे, इकडून तिकडे. बारीक झालीय ती. की मला तसं वाटलं?

दिवेलागणीला उठलो. चपला घालताना ती म्हणाली, "आजकाल फोन येत नाही. सगळं यायला लागलं वाटतं तुम्हाला."

"हो, यायला लागलं," म्हणालो.

असं कसं म्हणालो मी! सबंध रस्ताभर स्वतःला शिव्या घालत आलो.

३ ऑगस्ट, रविवार

गेलो नाही. स्कूटर बिघडली असं जिज्ञासाला कळवलं. स्कूटरला काही झालेलं नाही.

दिवसभर आण्णांचा विचार करत होतो. देवळात रात्र काढली ते सगळे सांगतात. त्या रात्री आत्या जेवली का, ते कोणी सांगत नाही. आणि आण्णांची बायको, म्हणजे आमची आई, तेव्हा कुठे नातवंडं सांभाळायला गेली नव्हती. ती घरी होती, चुलीपाशी. परत यायला त्यांना घर होतं. मी रोज जिथे परत येतो तिथे मिठाची बरणी आहे, दाण्यांसकट.

५ ऑगस्ट, मंगळवार

दुपारी फोन वाजला. तुळशीचा. तिचा तिने केलेला!

"काय झालं?" मी घाबरूनच विचारलं.

"काही नाही हो." मग म्हणाली, "दूध लागलंय पातेल्याला. कसं काढायचं?"

मी भिंतीला टेकलो. म्हणालो, "किती लागलंय?"

"खूप."

"फोनवर काय सांगणार? बघायला पाहिजे."

"मग?"

"येतो."

"रविवारी?"

"आत्ता. आणि ती रिकामी खोली जरा झाडून ठेव."

ती म्हणाली, "झाडलेलीच आहे."

पिशवीत दोन जोड कपडे, दाढीचं सामान, धुतलेली बरणी. चावी बनूबाईंकडे देतोय. चेन अडकली होती, मेणबत्ती घासली.