इस्माईलभाईंचं नाणं

शनि. ८ नोव्हें.
आज नाणी-ग्रुप आमच्याकडे, अल बर्शाला. सात जण. इस्माईलभाई पहिल्यांदाच आले. मूळ रत्नागिरीचे, इथे शारजाच्या हमरियात एका ट्रेडिंग कंपनीचं स्टोअर सांभाळतात. रुमालात गुंडाळून एक चांदीचं नाणं आणलं होतं. थोरला भाऊ यासीन गेल्या वर्षी वारला, त्याची आठवण. जाण्याआधी हातात ठेवून म्हणाला होता, जुनं आहे, सांभाळ.

भिंगाखाली पाहिलं. एका बाजूला सिंहाचं कातडं पांघरलेलं डोकं, मागच्या बाजूला बसलेला देव. म्हणजे अलेक्झांडरचं. पण चेहरा बेढब, ग्रीक अक्षरांच्या जागी रेघोट्या. सगळ्यांसमोर म्हणालो, "बनवणाऱ्याला ग्रीक येत नव्हतं. तुमच्या भावाला कुणीतरी टोपी घातली." लोक हसले. मीही. इस्माईलभाईंनी रुमालाची घडी घातली, चहा पूर्ण प्यायला, मग निघाले.

शनि. २२
लेकीचं, ईराचं, शाळेचं प्रोजेक्ट, म्हणून शारजाच्या वाळवंटातलं मलीहाचं म्युझियम. तिथे उत्खननात सापडलेल्या वस्तू ठेवल्यात. काचेमागे तेच. तोच बेढब चेहरा, त्याच रेघोट्या. रेघोट्या नाहीत, अरामी लिपी. दोन हजार वर्षांपूर्वी इथल्याच लोकांनी अलेक्झांडरचं नाणं बघून स्वतःचं पाडलं, आपल्या लिपीत. बारा वर्षं ग्रीक नाणी वाचतोय, आणि राहतो तिथलंच...
ईरा : "बाबा, आर यू ओके?" ऊन लागलं म्हणालो. एसीत उभं राहून.

रवि. २३
इ.भाईंना मेसेज टाइप केला, पुसला. तीनदा. बायकोला, मीनलला, नाण्याचं सांगितलं. म्हणाली, चूक कुणाचीही होते. हसलो होतो ते तिला सांगितलं नाही.

बुध. २६
ऑफिसच्या पार्किंगमधून फोन केला. म्हणालो, खरं असू शकतं, पुन्हा बघायला हवं. 'असू शकतं' कशाला? मला माहीत आहे.
 त्यांनी सांगितलं : खोटंच आहे म्हटल्यावर नातीने मागून घेतलं. सोनाराकडून भोक पाडून साखळीत घातलंय. पॉलिशही केलं.
"हो का," म्हणालो मी. एवढंच.

शनि. २९
शारजाला त्यांच्या घरी गेलो. नात दहा-अकरा वर्षांची, तिने साखळी काढून दिली. भोक बरोबर अक्षरांमधून गेलंय. नाणं चकचकीत, भांड्यासारखं. सगळं सांगितलं. हसलो होतो तेही. माफी मागितली.
इ.भाईंनी नाणं तळहातावर पालथं केलं. मग म्हणाले, "भोकाचं जाऊ द्या, साहेब. पण तीन आठवडे मी यासीनला मूर्ख समजत होतो. नमाजानंतर त्याच्यासाठी दुवा करतानासुद्धा."

हेच त्या सगळ्यांसमोर सांगेन म्हणालो. तेरा डिसेंबरला ग्रुपची पुढची मीटिंग आहे, याल का? "बघू, इन्शाल्ला," म्हणाले आणि साखळी नातीच्या गळ्यात परत घातली.
घरी आलो. ग्रुपवर लिहायला घेतलंय. 'माझी एक छोटी चूक' इथपर्यंत आलो. 'छोटी' खोडलं. पुढे अजून काही नाही.