पहिल्या पानावरचा शिक्का

९ जाने.
नवी वही. कडबाकुट्टीच्या कंपनीनं फुकट वाटली. गावात त्यांची गाडी आली होती. ज्याच्याकडे जुनी मशीन, त्याला एक. पहिल्या पानावर यांचं नाव, मशीनचा नंबर, कंपनीच्या अकोल्याच्या दुकानाचा शिक्का. खाली छापलंय, जुन्या मशीनची जबाबदारी आता आमची. त्याच मशीननं यांच्या उजव्या हाताची चार बोटं नेली, आमचा अकोल्याच्या कोर्टात दावा चालू आहे, हे वाटणाऱ्याच्या गावीही नव्हतं. हे म्हणाले, "चुलीत घाल." कागद चांगला आहे. ठेवली.

१७ जाने.
अमरावतीला वकीलबाईंकडे. कंपनीचं उत्तर आलंय. मशीन राजकोटवाल्यांनी केली, ते बुडाले. आम्ही कोइमतूरचे, आम्ही फक्त त्यांचं नाव विकत घेतलं. अकोल्यात आमचं काही नाही, तिथल्या कोर्टाला आमच्यावर अधिकार नाही. म्हणजे भांडायचं तर कोइमतूरला या. हा हारा-फुलांचा धंदा, या दोन म्हशी सोडून? एसटीत हे खिडकीबाहेर बघत होते. "आपल्याले तिकडं कोण ओयखते?" एवढंच बोलले.

२३ जाने.
लिहूनच टाकते. दाव्यात आहे, मशीनचं झाकण ढिलं होतं, आपोआप निखळलं. खोटं आहे. कडबा अडकत होता म्हणून मी काढलं. परत लावणार होते, पण अकोल्याच्या जुन्या शहरात हार पोचवायचे होते, शेवंती तशीच पडलेली. तेवढ्यात यांनी मशीन सुरू केली. बंद करायचा दांडा अडकला हे मात्र खरं. अडकला नसता तर
यांना माहीत नाही. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

११ फेब्रु.
पुन्हा अमरावती. तारीख टिपायला वही काढली आणि घात झाला. पहिलं पान बघून वकीलबाई उभ्याच राहिल्या. "ताई, हे कुठं होतं? गावोगाव जबाबदारी आमची म्हणून राहिले, अन् कोर्टात म्हणतात आमचं काही नाही!" आता दावा अकोल्यातच राहील, त्यांना खात्री आहे. वही कोर्टात द्यायची. म्हटलं, हे एवढंच पान देते.
"फाडू नका हो. पानांवर नंबर आहेत. ते विचारतील, बाकीच्यात काय लपवलं?"
झाकणाचं सांगायला तोंड उघडलं होतं. शेजारी हे हसत होते. किती महिन्यांनी. मी तारीख लिहून घेतली.

१२ फेब्रु.
वही घेऊन दोनदा चुलीपाशी गेले. जाळली तर कोइमतूर. दिली तर सगळ्यांसमोर वाचतील, हेही तिथंच बसलेले असतील.
"काहून चिडून राहिली? जिंकून राहिलो न आपण!" म्हणाले. मी भाजी करपवली आणि त्यांच्यावरच ओरडले. लाज वाटते.

१५ फेब्रु.
उद्या वही द्यायची आहे. सकाळपासून एक हार धड झाला नाही. हे ओसरीवर शेवंती निवडताहेत, डाव्या हातानं. अजून सवय नाही, देठ निसटतात.
आत्ता विचारलं, "काय लिहून राहिली एवढं?"
म्हटलं, देते वाचायला.
२३ जाने.च्या पानात हाराचा दोरा घातलाय. हे चष्मा शोधायला उठलेत.