गच्चीवरचं लाल इरकल

सर, फ्लाइंग क्लबात विमान शिकायला नवा मुलगा आला की तुम्ही पहिल्यांदा विचारायचात, "घर कुठं रे तुझं?" मला वाटायचं, काय मायाळू माणूस! मीही ऐटीत सांगितलं होतं, उणकलला, तळ्याजवळ, गच्चीचं घर. ते तुम्ही का विचारता, हे कळायला मला चांगला फटका बसावा लागला.

त्या रविवारी मी क्लबचं दोन आसनी विमान एकट्यानं उडवणार होतो. आईला बजावून ठेवलं होतं, लाल इरकल नेस आणि गच्चीवर उभी राहा, मी खाली येऊन पंख हलवतो. चहा पिताना हे मी सगळ्यांना फुशारकीनं सांगत होतो आणि तुम्ही ऐकलंत. "आज नाही उडायचं." चारचौघांत! "लाल लुगडं शोधत तू मान खाली घालणार, घराभोवती घट्ट वळणार. वेग कमी झालेला कळणार नाही, विमान कोसळेल. तेवढ्या उंचीवर सावरायला जागा नसते, मगा, लेकरा. आणि हे सगळं बघायला आई गच्चीवर!" मी इतका चिडलो की तुमचं तोंड बघायचं नाही असं ठरवून टाकलं. आई बिचारी ऊन डोक्यावर येईपर्यंत गच्चीत उभी होती.

पुढच्या रविवारी तुम्ही मला उडू दिलंत. मी उणकलकडं बघितलंसुद्धा नाही, राग होता ना! उतरलो, तर हँगरच्या मागून तुमच्याबरोबर आई येते आहे, लाल इरकल नेसून. तुम्ही स्वतः घरी जाऊन तिला आणलं होतं आणि मला दिसणार नाही असं उभं केलं होतं. "अय्यो, केवढा आवाज तो!" म्हणत ती माझ्या तोंडावरून हात फिरवते. तुम्ही म्हणता, "बघितलं ना, अव्वा? आता जेवायला घाला त्याला."

पुढं मीही शिकवायला लागलो. पडलेली विमानं बघितली. बहुतेकदा इंजिन धडधाकट असायचं, आणि जवळच कुणाच्या तरी बहिणीची गच्ची, नाहीतर मित्राचा लग्नमांडव. मग मीही प्रत्येकाला पहिल्यांदा घरच विचारत आलो. माझा संसार, माझी मुलंबाळं, सगळं तुमच्या त्या एका नकारामुळं आहे, सर. हे तोंडावर सांगायचं राहूनच गेलं.

तुम्ही तर गेलात, आता हे पत्र कुठं टाकणार? फक्त एक सांगतो, रागवू नका. परवा प्रवासी म्हणून हुबळीला उतरताना खाली उणकलचं तळं दिसलं. आई जाऊन किती वर्षं झाली, घराच्या जागी अपार्टमेंट उभं आहे. तरी चाकं टेकेपर्यंत मी मान खाली घालून लाल रंग शोधत होतो.