नमस्कार आजी, दार उघडा

११ नोव्हेंबर
तिसरी. सत्यवतीबाई, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, निवृत्त शिक्षिका. हैदराबादच्या गौलीगुड्यात एकट्याच राहायच्या. पहिल्या दोघींसारखंच — पदराने गळा आवळलेला, सोनं अंगावर तसंच. कडी त्यांनीच काढलेली. ओट्यावर चहाचे दोन कप. इथून माझ्या आईचं घर चार गल्ल्यांवर. तीही एकटीच. पंचनाम्यात चुकून आईचाच पत्ता लिहिला, हवालदाराने पाहिलं.

१३ नोव्हेंबर
एसीपी साहेब म्हणतात, गॅसवाला असेल, कुरियरवाला असेल. कसलं काय! या बायका भाजीवाल्याशीही साखळी लावून बोलतात.
कोपऱ्यावरची फुलवाली आज बोलली. "उनो मरहाटी में बाताँ कर रे थे साब. अम्मा हँसते-हँसते अंदर बुलाए."
तिथेच सगळं कळलं. तिघीही मराठी. दिवसभर तेलुगू नाहीतर हिंदी कानावर. नातवंडं इंग्रजीत बोलणार. अशात दाराबाहेर कुणी 'नमस्कार आजी' म्हटलं की म्हातारी कडी काढणारच. साहेबांना हे पटवायला तास गेला.

१४ नोव्हेंबर
आईकडे गेलो. दारातूनच सांगितलं — अनोळखी माणूस मराठी बोलला तर मुळीच उघडायचं नाही. "बरं. जेवून जातोस का?" वेळ नव्हता. कुकटपल्लीला आमच्याकडे चल म्हटलं, तर म्हणे, "तुम्ही दोघं ऑफिसात. मी काय भिंतीशी बोलू?"
चिडून निघालो. रस्ताभर वाईट वाटत राहिलं.

२ डिसेंबर
चौथी. मंगलाताई. गेल्या आठवड्यात मीच त्यांना बजावून आलो होतो. 'हो हो, नाही उघडणार' म्हणाल्या होत्या. त्यांचा मुलगा अमेरिकेतून फोनवर ओरडत होता, "तुम्ही करता काय तिथे?" मलाच कळत नाही मी काय करतो ते.

९ डिसेंबर
लेकीचं गॅदरिंग चुकलं. शिवानी, तिची आई, भांडतही नाही आता, ताट झाकून ठेवते नि आत जाते. भांडली असती तर बरं वाटलं असतं.
आईला फोन. "कुणी आलं होतं?" "नाही रे, प्रबुद्ध." ठेवला. हल्ली एवढंच बोलणं होतं आमचं.

२७ डिसेंबर
काहीच हाती नाही. जेवण जात नाही.

८ जानेवारी
धरला. मंगलाताईंच्या शेजारच्या कॅमेऱ्यात पाठमोरा दिसला होता, हातात बेगम बाजारातल्या मसाल्याच्या दुकानाची पिशवी. तिथेच कामाला. चाळिशीचा, नीटनेटका, आमच्या हिंगोलीकडचं गोड बोलणं. का मारलंस विचारलं, तर म्हणाला, "आधी या या करायच्या. मग घड्याळ बघायच्या, आता नीघ म्हणायच्या."
साहेबांनी पेढे वाटले. मी हातातला पेढा हवालदाराला देऊन टाकला.

९ जानेवारी
आज जबाबात त्याने आणखी एक घर सांगितलं. माझ्या आईचं. तिथे 'जयभीम, माय' म्हणाला होता. नोव्हेंबरपासून दर गुरुवारी जायचा. "त्या माउलीने कधी नीघ म्हटलं नाही," म्हणाला.
तसाच आईकडे धावलो. दार का उघडलंस, म्हणून ओरडलो तिच्यावर. ती हळूच म्हणाली, "दोन-दोन तास बसायचा रे तो. तू किती बसलास?"