दारापुढची सरकारी भिंत

ता. ४ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

निकाल आपल्या बाजूने लागून वर्ष झालं, तरी बांधकाम खात्याने चुकून आपल्या दारापुढे घातलेली भिंत अजून ठणठणीत आहे. आम्ही अंग चोरून बाहेर पडतो, पण बाबांची चाकाची खुर्ची काही निघत नाही. आणि उचलून नेलेलं त्यांना चालत नाही, हे तू जाणतोसच. रोज बूट घालून खिडकीशी बसतात. फार वाईट वाटतं रे.

काल खात्यात गेले. साहेब म्हणाले, कोर्टाबद्दल पूर्ण आदर आहे, पण पाडायला वरून मंजुरी हवी. वरचे म्हणाले, आधी खालून प्रस्ताव येऊ दे. मधल्या जिन्यावर बसून मी डबा खाल्ला. वकीलबाईंनी बजावलंय की आपण भिंतीला हात लावायचा नाही, ती सरकारी मालमत्ता आहे.

वहिनीला नमस्कार. तुझा लोभ त्या निकालासारखा नुसता कागदावर राहू नये, येऊन जा.

तुझी,
धाकटी

ता. १२ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून तुझी वहिनी आधी हसली, मग माझ्यावरच उखडली. मी वकीलबाईंना फोन केला. त्या खात्यावर अवमानाचा अर्ज टाकतायत. तोवर साहेबांशी भांडू नकोस. तुझं तोंड एकदा सुटलं की आवरत नाही. महिनाअखेर येतो.

बाबांना नमस्कार. माया आहेच, ती वाढती ठेव.

तुझा,
दादा

ता. २१ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

भिंत पडली! खात्याचाच ट्रक मागे येताना धडकला. शेजाऱ्यांनी विटा हातोहात हलवल्या आणि बाबा स्वतः चाकं फिरवत रस्त्यावर आले. मी सगळ्यांसमोर रडले.

आज सकाळी साहेब गवंडी घेऊन हजर. अवमानाची नोटीस लागल्याबरोबर पाडायची मंजुरी आली म्हणे, पण पाडायला भिंतच नाही, मग निकालाची अंमलबजावणी दाखवायची कशी? म्हणून ती आधी बांधायची, मग रीतसर पाडायची. कधी पाडणार विचारलं, तर म्हणाले, ते पुढे बघू. माझं तोंड सुटलंच.

बाबांनी मला गप्प केलं. खुर्ची नेमकी भिंतीच्या जागी आणून ब्रेक लावला आणि साहेबांना सांगितलं, की मला इथून हटवायचं तर खुशाल कोर्टात जा, निकालही तुमच्याच बाजूने लागू दे, फक्त अंमलबजावणी तुमच्या खात्याकडे ठेवा.

गवंडी कधीच निघून गेलाय. बाबा अजून बाहेरच आहेत. तू ये, म्हणजे लोभाची खात्री पटेल.

तुझी,
धाकटी